भोक नसलेले कार्ड

कार्डाच्या खालच्या कडेवरून अंगठा तिसऱ्यांदा फिरला आणि तिसऱ्यांदाही त्याला काही लागले नाही. कडेच्या बरोबर मध्यावर, नखभर वर, जिथे वाटाण्याएवढे वाटोळे भोक असायला हवे होते, तिथे कागद अखंड होता – पिवळा पडलेला, कोपऱ्यांना कापडासारखा मऊ झालेला, पण अखंड. गुरुजींनी कार्ड खिडकीच्या उजेडासमोर धरले. आरपार काही आले नाही. ते त्यांनी पुन्हा टेबलावर ठेवले, पालथे घातले, सुलटे केले... डोळ्यांना जे दिसत नाही ते अंगठ्याला कळेल अशी आशा होती की भीती, हे त्यांचे त्यांनाही सांगता आले नसते.

भोक असायलाच हवे होते. कोशाच्या या कचेरीत संगणक नव्हता त्या काळी प्रत्येक इंग्रजी शब्दाचे एक कार्ड असे. कार्डे वर्णक्रमाने लांबट लाकडी खणांत उभी असत आणि खणाच्या तळाशी एक पितळी सळई त्या सगळ्यांच्या पोटातून ओवलेली असे, म्हणजे खण उपडा झाला तरी शब्द सांडू नयेत. दर सोमवारी शिपाई नव्या कार्डांना भोके पाडी. भोकाशिवाय कार्ड खणात जात नसे. पण कपाटे भंगारात गेली त्याला अठरा वर्षे झाली, शिपाई वारला, आणि भोकाची ही साधी गोष्ट आता या इमारतीत गुरुजींखेरीज कोणाला ठाऊक असण्याचे कारण उरले नव्हते.

कोणालाच ठाऊक नव्हते. हाच तर घोटाळा होता.

कार्डाच्या डोक्यावर इंग्रजी अक्षरांत एकच शब्द होता – स्टोरी. त्याखाली अकरा ओळी, इतक्या बारीक की छापखान्यात खिळे जुळवणारे जुळारी थट्टेने म्हणत, याच्या कार्डाजवळ साखर सांडू नका, अक्षरं चालायला लागतील. त्या अक्षरावरूनच कचेरीने ते लिहिणाऱ्या सहकाऱ्याला मुंगी म्हणायला सुरुवात केली, आणि तोही फोनवर “मुंगी बोलतोय” असे म्हणू लागला.

सकाळी संपादिकाबाईंनी हे कार्ड आणून ठेवले होते. बाई म्हणजे गुरुजींचीच एके काळची विद्यार्थिनी, आता त्यांची वरिष्ठ. निवृत्तीनंतरही व्युत्पत्तीच्या कामासाठी गुरुजींना तिनेच धरून ठेवले होते. खुर्चीवर न बसता, टेबलाच्या कडेवर दोन्ही हात टेकून ती बोलली.

“गुरुजी, मुंगींच्या मुलीने पाठवलंय. सोबत पत्र आहे. नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत वडिलांचं नाव घालता येईल का, असं विचारते.”

“मग?”

“मग काय! त्यांना एस अक्षराचा खण नेला म्हणून कामावरून काढलं होतं. समितीच्या फायलीत साक्ष आहे ती फक्त तुमची. आता हे कार्डही त्याच खणातल्या शब्दाचं, आणि निघालं त्यांच्याच घरी. म्हणजे ‘नाही’ म्हणायला माझ्याकडे दोन आधार झाले. पण मला तुमच्या तोंडून एकदा ऐकायचंय. पाच वाजता छापखान्याचा माणूस येतो, प्रस्तावना त्याच्या हातात द्यायची आहे.”

“पाच.”

“आणि स्टोरीची नोंदही आजच बघून द्या. शेवटचं प्रूफ आहे. बाकी सगळा एस झाला.” दारापर्यंत जाऊन ती वळली. “गुरुजी, तुम्ही म्हणाल ती पूर्व दिशा.”

पूर्व दिशा... माणसे किती सहज दिशा दुसऱ्याच्या हाती देतात.

समोर प्रूफ पसरले होते. या शब्दाची नोंद खण हरवल्यावर गुरुजींनीच नव्याने लिहिली होती. हरवलेल्या चारशे शब्दांची सगळीच कुळे त्यांनी अडीच वर्षे खपून पुन्हा शोधली, आणि त्याच कामावर त्यांना विभागप्रमुखाची खुर्ची मिळाली. पेन्सिल हातात घेऊन ते एकेक ओळ उतरू लागले. इंग्रजीत हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आलेला, तिथे तो लॅटिनमधून, लॅटिनमध्ये ग्रीकमधून. जिना उतरावा तसे त्यांनी हे आजवर शेकडो शब्दांच्या बाबतीत केले होते, आणि प्रत्येक वेळी तळाच्या पायरीवर, जिथे अंधारात एखादा धातू शांतपणे बसलेला असे, तिथे पोचल्यावर त्यांच्या मनात देवघरात शिरल्यासारखा एक निवांत आदर दाटून येई. आज जिना तोच होता. पाय मात्र जपून पडत होते.

ग्रीकमध्ये या घराण्याचा मूळपुरुष भेटतो, त्याचे नाव हिस्तोर. हिस्तोर म्हणजे जाणता. दोघांच्या भांडणात दोघांनीही मानलेला पंच. साक्षी. त्याच्याही मागे धातू उभा – संस्कृतातला विद् ज्याचा सख्खा भाऊ. लॅटिनमध्ये या भावंडाचा अर्थ पाहणे, आपल्याकडे जाणणे. कारण ज्यांनी ही भाषा पहिल्यांदा बोलली असेल त्यांना या दोहोंत अंतर दिसले नसावे. वर्गात हे शिकवताना गुरुजी इथे नेहमी थांबत. ‘वेद’ हे क्रियापद घ्या, ते म्हणत. रूप भूतकाळाचे आणि अर्थ वर्तमानाचा. मी पाहिले आहे, म्हणून मी जाणतो. पाहणे होऊन गेले, जाणणे उरले. एवढे बोलून ते खडू खाली ठेवत, आणि वर्गात काही क्षण कोणी हलत नसे.

आणि पाहणे झालेच नसेल तर? कुठल्याही विद्यार्थ्याने कधी विचारले नाही. बरे झाले नाही विचारले.

त्यांनी मुंगीचे कार्ड जवळ ओढले. अकराव्या ओळीत लिहिले होते, ‘ग्रीक आधार स्वतः पाहिलेला नाही, दुसऱ्या कोशावरून घेतला आहे’, आणि उजव्या कोपऱ्यात, ठरलेल्या जागी, अगदी बारीक – ‘श्रु’.

ही कोशाच्या आद्य संपादकांनी घालून दिलेली शिस्त होती. ज्याने मूळ ग्रंथ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला असेल त्याने कोपऱ्यात ‘दृ’ लिहायचे, म्हणजे दृष्ट. ज्याने दुसऱ्याच्या शब्दावर भिस्त ठेवली असेल त्याने ‘श्रु’, म्हणजे श्रुत. ‘श्रु’ची कार्डे पुन्हा तपासली जात. ‘दृ’ची तपासणी करायची नाही, असा नियमच होता, कारण सहकाऱ्याच्या डोळ्यांवर शंका घेऊन कोश होत नाही. मुंगी निम्म्याहून अधिक कार्डांवर ‘श्रु’ लिही आणि त्याबद्दल त्याला कधी संकोच वाटत नसे. “ऐकीव माहिती आहे, ऐकीव म्हणतो. त्यात लाजायचं काय, गुरुजी? माझा बाप कोण हेसुद्धा मी आईकडून ऐकलंय.” सगळी खोली हसली होती. गुरुजी हसले नव्हते. त्यांच्या एकाही कार्डावर ‘श्रु’ नव्हते. एखाद्या संदर्भासाठी ते तीन-तीन दिवसांचा प्रवास करून येत आणि मग ‘दृ’ लिहीत; ती त्यांची मिरासच होती म्हणा, किंवा... मस्ती.

“आपण हे ऐकलंत, की पाहिलंत?”

समितीच्या तिघांपैकी मधल्याने विचारले होते. समोर पाण्याचा पेला, त्यावर उलटी बशी. खण नाहीसा झाल्याला तीन आठवडे उलटले होते, कोशाच्या मंडळाला दोषी म्हणून कोणीतरी एक माणूस हवा होता. प्रश्न सरळ होता, त्याची उत्तरे दोनच होती, आणि त्यांपैकी एक उच्चारायची गुरुजींच्या जिभेला सवयच नव्हती.

“पाहिलं.”

एवढेच. पुढे कोणी काही विचारले नाही. ‘दृ’ची तपासणी करायची नसते.

बाहेरच्या लांब बोळात मुंगी पिशवी घेऊन उभा होता. “गुरुजी,” तो म्हणाला, “तुम्ही ‘दृ’ दिलीत म्हणे?” गुरुजींनी मान हलवली. “मग माझंच चुकत असेल,” मुंगी म्हणाला आणि जिन्याकडे वळला. काय तो टोमणा! एकतीस वर्षे तो वाक्यरूपी काटा गुरुजींनी जपून ठेवला होता, कारण काट्याचा एक उपयोग असतो – तो बोचतो तोवर आपल्याला दुसऱ्याचा राग येत राहतो. निरपराध माणूस असा टोमणा मारील का? आरडाओरडा करील, शपथा घेईल. इतके थंडपणे, ओठ न मुडपता... त्या थंडपणातच सारे काही उघड होत नव्हते का?

मुलीचे पत्र त्यांनी आता दुसऱ्यांदा उघडले. अक्षर मोठे, ऐसपैस. बापाच्या अक्षराचा सूड घेतल्यासारखे.

‘...बाबांना जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. खण आपणच नेला असं ते शेवटपर्यंत मानत. आधी म्हणत, मला आठवत नाही. मग म्हणत, गुरुजींनी पाहिलं म्हणजे नेलाच असणार, कुठे ठेवला तेवढंच आठवत नाही. दर रविवारी आम्ही पलंगाखालचं, माळ्यावरचं सगळं सामान खाली काढत असू. लहानपणी मला तो खेळ वाटायचा. आई चिडायची. त्यात एकदा हे कार्ड मिळालं. त्या दिवशी ते मला उचलून नाचले – बघ, मी म्हणत नव्हतो, गुरुजी कशाला खोटं बोलतील! त्यांचं नाव घालता आलं तर घाला. नाही जमलं तर निदान एवढं कळवा, तो खण कुठे मिळाला का. म्हणजे शोधणं थांबेल. ते गेल्यावरही रविवारी माझा हात आपोआप पलंगाखाली जातो.’

टोमणा नव्हता. त्याला खरोखरच तसे वाटले होते. कोपऱ्यात ‘दृ’ आहे म्हटल्यावर त्या वेड्याने स्वतःची आठवणच ‘श्रु’ धरली आणि तपासायला घेतली... तीस वर्षे तपासत राहिला. जगात दुसऱ्या कुठल्या धंद्यातल्या माणसाने असे केले असते? वाण्याने केले असते, वकिलाने केले असते? त्यांनी म्हटले असते, गुरुजी गेले उडत!

आणि मी? मी त्याचा राग करत राहिलो.

घड्याळात सव्वा वाजून गेला होता. गुरुजींनी फोन ओढून घर लावले.

“अगं, एक विचारायचं होतं.”

“डबा विसरलात. खुंटीलाच आहे. मी ओरडेपर्यंत तुम्ही फाटकाबाहेर.”

“डबा राहू दे. मुंगीचं... तो खण गेला, त्या दिवशी घरी येऊन मी तुला काय सांगितलं होतं?”

पलीकडे वाहणारा नळ बंद झाला.

“आज हे कुठून काढलंत?”

“तुला आठवतं. सगळं आठवतं तुला.”

“आठवतं म्हणूनच तर बोलत नाही. त्या दिवशी तुम्ही म्हणालात, शिपाई सांगत होता, मुंगी बगलेत काहीतरी घेऊन जिना उतरले. चार दिवसांनी माझा भाऊ आला होता. त्याला सांगताना त्या काहीतरीचा खण झाला. पुढच्या आठवड्यात शेजारच्या काकांना तुम्ही सांगत होतात, तेव्हा शिपाई गळला.”

“गळला?”

“गळला म्हणजे गळला. तुम्हीच वर कठड्याशी उभे होतात. छान रंगवून सांगत होतात.”

“आणि तू गप्प बसलीस?”

“मला वाटलं, गोष्ट आटोपशीर केलीत. तुम्ही कोशातली माणसं, जादा शब्द काढून टाकता.” ती हसणार होती, पण हसली नाही. तिचा आवाज एकदम जवळ आला. “अहो... म्हणजे खरंच पाहिलं नव्हतं की काय?”

“नंतर बोलतो,” गुरुजी म्हणाले, आणि त्यांनी फोन जागेवर ठेवला.

पण पाहिले तर होते! हे तिला कसे सांगावे? डोळे मिटले की आत्ताही ते दृश्य उभे राहते, अगदी स्वच्छ – दुपारचे तिरपे ऊन, जिन्याच्या दगडी पायऱ्या, तपकिरी स्वेटर घातलेला मुंगी, उजव्या बगलेत आडवा धरलेला खण, खणाची पितळी मूठ उन्हात चमकते आहे, सहाव्या पायरीवर तो थबकतो, खण सावरतो, पुन्हा उतरतो. मूठसुद्धा दिसते, आणखी काय हवे? शिपायाने मुठीबद्दल काही सांगितले नव्हते. स्वेटराबद्दलही नाही. मग हे आले कुठून? मी पाहिले म्हणूनच ना आले... मी वर, कठड्याशी उभा होतो. पांढरा सदरा, हात कठड्यावर, मान किंचित पुढे झुकलेली, डोक्याच्या मागच्या बाजूला टक्कल–

गुरुजींनी डोळे उघडले.

खोलीत पंखा फिरत होता. शेजारच्या खोलीत कोणीतरी खुर्ची सरकवली.

त्यांनी पुन्हा डोळे मिटले, सावकाश, चोराच्या मागावर निघाल्यासारखे. जिना. ऊन. मुंगी. आणि वर कठड्याशी तो माणूस, पाठमोरा. हात आपोआप टाळूमागे गेला. हे टक्कल मला कसे दिसले? ज्याने पाहिले त्याला जिना दिसेल, माणूस दिसेल, स्वतःची पाठ कशी दिसेल? आणि टक्कल! एकतीस वर्षांपूर्वी माझ्या डोक्यावर कंगवा अडकेल इतके केस होते.

म्हणजे हे चित्र पाहणाऱ्याचे नव्हते. ते ऐकणाऱ्याचे होते... नाही, सांगणाऱ्याचे होते. प्रत्येक सांगण्यासरशी त्यात एकेक वस्तू आणून ठेवलेली, कधी मूठ, कधी स्वेटर, आणि मग एके दिवशी, बहुधा गेल्या दहा-बारा वर्षांतच, स्वतःलाही आणून कठड्याशी उभे केलेले, आजच्या टकलासकट. इतके दिवस तो तिथे पाठ करून उभा होता आणि मी त्यालाच साक्षी समजत होतो.

प्रूफाच्या शेवटच्या परिच्छेदात अर्थाची वाटचाल होती – आधी साक्ष, मग चौकशी, मग वृत्तान्त, मग रचलेली कथा, आणि शेवटी घरात मुलाला रागावताना म्हणतात ती थाप. वाटचाल बरोबर होती. एका शब्दाला त्यासाठी दोन-अडीच हजार वर्षे लागली होती. गुरुजींना तीन आठवडे पुरले. नोंदीच्या कोपऱ्यात त्यांनी सवयीने ‘दृ’ लिहायला पेन्सिल टेकवली. ग्रीक ग्रंथ त्यांनी खरोखरच पाहिला होता, दोन दिवसांचा प्रवास करून, काचेच्या कपाटासमोर उभे राहून. पेन्सिल टेकलेलीच राहिली. कागदावर फक्त एक ठिपका उमटला आणि तो उगाच मोठा होत गेला.

उपाय नव्हता असे नाही. उपाय टेबलावरच पडला होता, पिवळा, मऊ कोपऱ्यांचा. कार्ड खणातलेच, एवढे म्हटले की झाले. चित्र राहो वा जावो. पुरावा बोलेल, आपल्याला बोलायला नको. मुंगी घरी कच्ची कार्डे करी, रविवारी, स्वच्छ कार्ड करण्याआधी, हे सांगणारे कोण उरले आहे? मुंगी स्वतःदेखील ते विसरून गेला होता. त्या मुलीलाही त्यात बापाचे समाधानच वाटेल, बाप तिला उचलून नाचला होता त्यासाठी. सगळ्यांचेच भले... अंगठा पुन्हा त्या कडेवरून फिरला. अखंड.

पाचाला दोन मिनिटे असताना ते उठले. कार्ड हातात, प्रूफ बगलेत – उजव्या बगलेत, आडवे – आणि बोळातून चालताना त्यांच्या मनात आले की या क्षणी कोणी दुरून पाहिले तर तो काय सांगेल? म्हातारा बगलेत काहीतरी घेऊन गेला. एवढेच. एवढेच तर सांगितले होते शिपायाने.

बाईंच्या खोलीत छापखान्याचा माणूस मांडीवर हेल्मेट घेऊन बसला होता.

“या गुरुजी. तुमचीच वाट. हे मघापासून घड्याळ दाखवतायत मला.”

“घड्याळ नाही हो बाई, फाटक,” तो माणूस म्हणाला. “साडेपाचला छापखान्याचं फाटक बंद. मग सोमवारवर जातं. उद्या रविवार.”

उद्या रविवार.

बाईंनी हात पुढे करून कार्ड घेतले. “तर, हे कार्ड त्या खणातलंच ना?”

“याला भोक नाही,” गुरुजी म्हणाले.

“काय नाही?”

“भोक. खणातल्या प्रत्येक कार्डाला खाली भोक असे, सळईसाठी. याला नाही. हे कधी खणात गेलंच नाही. घरी केलेलं कच्चं कार्ड आहे.”

बाईंनी कार्ड उलटसुलट केले, त्यांचाही अंगठा त्याच कडेवरून फिरला. “असं होय? कमाल आहे. मला कधी कळलं नसतं.” त्यांनी सुस्कारा सोडला आणि लाल पेन उचलले. “बरं. म्हणजे एक आधार गेला. पण मोठा आधार आहे की. तुम्ही. तुम्ही स्वतः पाहिलं होतं.”

तो प्रश्न नव्हता, त्यामुळे उत्तर न देताही चालले असते. माणूस हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळत होता. गुरुजी उभेच राहिले आणि त्यांनी सवयीने ते चित्र हाकारले, एकतीस वर्षे हाकेसरशी येणारे – जिना आला. ऊनही आले. पण पायऱ्या रिकाम्या होत्या, आणि कठड्याशी कोणी नव्हते. मूठ नाही, स्वेटर नाही. त्या रिकाम्या जिन्यात, इतक्या वर्षांनी प्रथमच, त्यांना शिपायाचा आवाज ऐकू आला, तंबाखूने जड झालेला, काहीही सिद्ध करायची घाई नसलेला: मुंगीसाहेब आत्ताच गेले, बगलेत काहीतरी होतं बघा, डबाबिबा असेल. डबाबिबा असेल... हेही म्हणाला होता तो. म्हणाला होता ना? की हेही मी आत्ताच आणून ठेवले?

कळत नव्हते. आणि कळत नाही हे म्हणायला मन कचरले नाही, याचेच त्यांना नवल वाटले. उद्या सकाळी कुठल्याशा घरात एक बाई वाकून पलंगाखाली हात घालणार होती.

“बाई,” ते म्हणाले, आणि स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला – ज्याने काही पाहिलेले नाही अशा माणसाचा.